पंख्याकडे अकरा सेकंद

लहान बाळांशी बोबडं बोलू नये, असं माझं मत आहे. मत म्हणजे चहाच्या टपरीवर दिलं-घेतलं जातं तसलं नव्हे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं लिपिकी केलेल्या माणसाचं मत आहे, त्यामागे विचार आहे. बाळाला 'दूध' म्हणता येत नाही, यात बाळाचा काही दोष नाही. पण म्हणून घरातल्या धडधाकट माणसांनी 'दुदू' म्हणत फिरायचं? पोराला पाढे येत नाहीत म्हणून मास्तरांनीही मुद्दाम चुकीचे पाढे म्हणावेत, तशातली गत झाली ही.

हे मत मी घरात मांडलं तेव्हा घरात चार माणसं होती. मी, म्हणजे सेवकराम गिऱ्हेपुंजे, सेवानिवृत्त; माझी बायको निर्मला; बाळंतपणाला आलेली आणि नंतर रजा वाढवत राहिलेली मुलगी मेघा; आणि मेघाची आठ महिन्यांची गुड्डी. मत एक विरुद्ध तीन असं फेटाळलं गेलं. गुड्डीनं रडून मतदान केलं.

आता खरी गोष्ट सांगतो. घरात मी ती कोणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नव्हती. गुड्डी जगातल्या झाडून सगळ्यांकडे पाहून हसायची. भाजीवालीकडे पाहून हसायची, सिलिंडरवाल्याकडे पाहून हसायची, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या गृहस्थांकडे पाहूनसुद्धा हसायची. मी समोर जाऊन उभा राहिलो की तिची नजर माझ्या कानाजवळून वर जायची आणि छताच्या पंख्यावर स्थिरावायची. पाच मार्चला मेघा तिला घेऊन हैदराबादला जाणार होती, तिचा नवरा भूपेंद्र तिथे नोकरीला आहे. माझ्याकडे तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत या पोरीनं एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे नीट पाहावं, एवढीच माझी मागणी होती. जास्त होती का?

माझ्याकडून प्रयत्नांत कसूर नव्हती. रोज सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून मी तिच्यासमोर बसायचो आणि स्पष्ट उच्चारात विचारायचो, "गुड्डी, आपले दूध पिणे झाले काय?"

"अजी, नोटीस देऊन राहिले का तिले?" निर्मला स्वयंपाकघरातून ओरडायची.

आमच्या गल्लीत एखाद्या घरात काही बिनसलं की शेजाऱ्यांना वास लागतो. दोन दिवसांत सल्लागार मंडळ जमलं. शेजारच्या कुंताबाईंनी पाच मुलं आणि नऊ नातवंडं वाढवली आहेत, त्यामुळे त्या सल्ला देत नाहीत, निकाल देतात.

"भाऊजी, तुमचा आवाज जाडा हाय. थोडा बारीक करा. कोंबडीले बलावतो ना आपन, तसा."

मी आयुष्यात कोंबडीला बोलावलेलं नाही. कोंबडीला बोलावण्याचा प्रसंग माझ्यावर आला असता तरी मी तिला नीट भाषेत बोलावलं असतं, हे मी कुंताबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग कोंबडी बी नसती आली."

समोरचे सुखरामभाऊ एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांचं म्हणणं, शब्दांची गरजच नाही. "मी तं तोंडानं हारन वाजवतो, बस." असं म्हणून त्यांनी गाल फुगवून गुड्डीच्या तोंडासमोर 'पों पों' केलं. गुड्डी इतकी हसली की तिला उचकी लागली. सुखरामभाऊंनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो. पेपर कालचा होता.

अशा वेळी मोना आमच्या गल्लीत आली.

मोना म्हणजे नागपूरची एक शिकलेली, हसतमुख मुलगी. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. ती कुठल्याशा मोठ्या संशोधनासाठी सहा ते बारा महिन्यांची बाळं शोधत घरोघर फिरत होती. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि विषय काय म्हणून विचारलं.

"काका, जगात बहुतेक ठिकाणी लोक बाळाशी बोलताना आवाज बदलवतात. उंच करतात, हळू बोलतात, गाण्यासारखं बोलतात. कुठं जास्त, कुठं कमी. बाळं कोणत्या बोलण्याकडे जास्त ध्यान देतात, ते देशोदेशी मोजून राहिले. आपल्याकडची बाळं मी मोजून राहिली."

मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हणजे हा प्रश्न शास्त्रापर्यंत पोहोचला होता तर! कुंताबाईंच्या कोंबडीवर आणि सुखरामभाऊंच्या हॉर्नवर आता आकडेवारीनिशी निकाल लागणार होता.

"बाळ शुद्ध आणि स्पष्ट भाषेकडे अधिक लक्ष देतं, हे सिद्ध होईल," मी म्हणालो. "आमची गुड्डी लिहून घ्या."

"पाहू ना, काका," मोना म्हणाली.

त्या 'पाहू ना'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मीही चौतीस वर्षं लोकांना तेच म्हणत होतो.

नाव लिहून घ्यायला जन्माचा दाखला लागत होता. दाखला घरात होता, पण त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी होती, कारण भूपेंद्रच्या घरी पाच महिने नावावर चर्चा चालली होती. आता नाव ठरलं होतं, ते चढवायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, हे काम माझं. सरकारी कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही, मला याच गावात राहायचं आहे.

खिडकीमागे एक तरुण बसला होता. वय तिशीच्या आत, पण खुर्चीत रेलण्याची ढब पन्नाशीची.

"अर्जदाराचं बाळाशी नातं?"

"आजोबा."

"आईकडचे का बापाकडचे?"

"आईकडचे."

"मग नाही जमत. आईबाप पाहिजे."

"वडील हैदराबादला आहेत. आईची सही आणली आहे."

"सही तं कोणीही आणते, काका. उद्या या."

त्याचं ते 'उद्या या' ऐकून मी जागच्या जागी थिजलो. शब्द माझा, चाल माझी, शेवटी मान किंचित वळवून दुसरी फाईल ओढणं तेही माझं. चौतीस वर्षं काचेच्या आतून ते फार भारदस्त वाटायचं. बाहेरून ते किती उद्धट दिसतं, याची मला कल्पना नव्हती. मी उद्या गेलो. परवा गेलो. तेरवा त्यानं नवाच मुद्दा काढला, "बाळाले समक्ष घेऊन या."

कोणत्या नियमान्वये, असं मी विचारणार होतो. पण दिवस जात होते. शेवटी मेघाला आणि गुड्डीला ऑटोत घालून नेलं. गुड्डी खिडकीशी आली मात्र, तो उद्धट तरुण खुर्चीतून अर्धा उठला, त्याचे डोळे मोठे झाले, आणि फायलींच्या डोंगराआडून आवाज आला, "अले अले अले! कोन आलं, कोन आलं? छोनुली आली का गं, छोनुली?"

गुड्डी हसली. हसली म्हणजे काय, त्याच्या शिक्क्याकडे दोन्ही हात पसरून झेपावली. चार मिनिटांत नाव चढलं, शिक्का बसला, वर त्यानं तिला स्वतःच्या टेबलावरचा गुळगुळीत पेपरवेट धरायला दिला. परतताना ऑटोत मी दाखल्यावरचा शिक्का पाहत बसलो. ज्या माणसानं मला तीन हेलपाटे घालायला लावले, त्याच्याकडे पाहून माझी सख्खी नात हसली होती.

"बाबा, काम तं झालं ना?" मेघा म्हणाली.

झालं. कामं अशीच होतात, हीच तर माझी तक्रार आहे.

चाचणीसाठी मोनानं पितळी भांड्यांच्या ओळीत, एका दुकानाच्या वरची खोली घेतली होती. संपूर्ण भंडाऱ्यात शांत खोली म्हणून हीच का सापडली, हे शास्त्रालाच ठाऊक. खाली पाच कारागीर पितळी गुंडांवर, म्हणजे पाण्याच्या हंड्यांवर, ठोके घालत होते. आवाज अडवायला मोनानं मंडपवाल्याकडच्या गाद्या आणून खिडक्यांना उभ्या केल्या होत्या. त्यामुळे आत इतकं उकडत होतं की त्याच मंडपवाल्याचा एक उभा पंखा आणावा लागला होता. मी खाली जाऊन कारागिरांना विनंती केली, "पंधरा मिनिटं हातोडे थांबवता का? वर शास्त्रीय काम चाललंय." त्यांनी फार सौजन्य दाखवलं. हातोडे खाली ठेवले आणि पाचही जण शास्त्रीय काम बघायला वर आले.

पद्धत अशी: बाळ आईच्या मांडीवर. आईच्या कानांवर गाणी लावलेले हेडफोन, म्हणजे आईला काही ऐकू येऊ नये आणि तिनं नकळत इशारा करू नये. समोर पडद्यावर साधे काळे-पांढरे चौकोन. मागून आवाज सुरू होतो. बाळ जितका वेळ चौकोनांकडे टक लावून ऐकतं, तितके सेकंद कॅमेरा मोजतो. पहिला आवाज एका आईचा, बाळाशी बोलतानाचा. दुसरा तिचाच, पण मोठ्या माणसाशी बोलतानाचा. तिसरा आवाज नियमात नव्हता. तो माझ्या आग्रहाखातर घेतला होता आणि आदल्या दिवशी मी स्वतः ध्वनिमुद्रित करून दिला होता. मजकूरही मीच लिहिला होता: "गुड्डी, आज फेब्रुवारी महिन्याची अठरा तारीख आहे. हवामान कोरडे आहे. तू आमची नात असून आम्हांस तुझा अभिमान आहे."

निकाल मोनानं टॅबवर दाखवला. बाळबोलीकडे चौदा सेकंद. मोठ्यांच्या बोलण्याकडे सहा. माझ्याकडे तीन.

"आणि हे अकरा कशाचे?" मी विचारलं.

मोना जरा अडखळली. "ते… ते मोजायचं नव्हतं, काका. मध्ये ती दुसरीकडे पाहत होती, ते कॅमेऱ्यानं पकडलं. पंखा आहे तो."

पाच कारागिरांपैकी एक जण हसला. मी वळून पाहिलं तेव्हा पाचही जण गंभीर होते.

माझा शास्त्रावर राग नाही. मुलं बोबड्या बोलण्याकडे जास्त लक्ष देत असतील, तर देवोत. पण पंखा? तोही भाड्याचा, एक पातं वाकलेला, लग्नांच्या पंगतीत उष्टावलेला पंखा! त्याला अकरा आणि मला तीन? मी मोनाला विचारलं की पंख्याची नोंद वगळता येईल का. ती म्हणाली, आकडे बदलता येत नाहीत. मी म्हटलं, बदलू नका, फक्त काढा. ती म्हणाली, तेही येत नाही. या मुलीला पाटबंधारे खात्यात दोन वर्षं ठेवायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. सुखरामभाऊ फाटकाशी येऊन म्हणाले, "गिऱ्हेपुंजे साहेब, मनावर नका घेऊ. पंखा फिरते ना, म्हणून. तुम्ही बी थोडे फिरून पाहा."

चार दिवसांनी मोना पुन्हा आली. म्हणाली, बाळबोलीत आज्यांचे आवाज एकवीस मिळाले, आजोबांचा एकही नाही. ज्या ज्या आजोबांना विचारलं त्यांनी सांगितलं, आम्ही असं बोलत नाही. हे ऐकून या संशोधनात प्रथमच मला जिल्ह्याविषयी अभिमान वाटला. तिला आता बाळाच्या अख्ख्या दिवसाचं बोलणं हवं होतं. त्यासाठी बाळाला एक खास झबलं घालायचं. त्याच्या छातीवरच्या खिशात आगपेटीएवढं यंत्र, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे कानावर पडेल ते टिपणारं. रविवारी आम्ही सिहोऱ्याला जाणार होतो, माझे वडील लक्ष्मणराव, आमचे बाबूजी, तिथे धाकट्या भावाकडे राहतात, मेघा जाण्याआधी त्यांना पणती दाखवायची होती. मोना म्हणाली, मग तर फारच छान, खेड्यातलं बोलणं मिळेल.

इथे मला एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला जवळ घेत नाहीत. उचलणं नाही, लाड नाही, मुका तर दूरच. बाप समोर बसला असताना पोराला खेळवणारा माणूस निलाजरा समजला जायचा. मेघा झाली तेव्हा आम्ही सिहोऱ्यातच राहत होतो. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बाबूजी खुर्ची टाकून बसायचे. मेघा रांगत रांगत माझ्या पायाशी यायची, माझा पायजमा धरायची आणि मी पेपर वर उचलायचो. त्या पोरीनं पहिली दोन वर्षं माझ्या तोंडाऐवजी पेपरचं मागचं पान पाहिलं. माझी भंडाऱ्याला बदली होऊन आम्ही वेगळे राहायला लागलो तेव्हा ती तिसरीत गेली होती. तिच्याशी भागाकाराविषयी बोलता येत होतं, म्हणून मी भागाकाराविषयी बोललो. बोबडं बोलू नये हे माझं मत आहेच. पण ते मत कधी बनलं, असं कोणी खोदून विचारलं असतं, तर मला पेपर वर उचलावा लागला असता.

तर रविवारी आम्ही सिहोऱ्याला पोहोचलो. बाबूजी चौऱ्याऐंशीचे आहेत. सपरीत तीच खुर्ची, तेच ते. मी एकसष्ट वर्षांचा, पेन्शनर, आजोबा. तरी त्यांच्यासमोर गेल्यावर गुड्डीला मेघाच्या हातात दिलं आणि बाकावर ताठ बसलो.

बाबूजींनी दोन्ही हात पुढे केले. मेघानं गुड्डीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील. बाबूजींनी तिच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं आणि ते असं काही सुरू झाले की मी बाकावरून अर्धा उठलो.

"आलू लू लू लू! कोन हाय गं? कोन हाय? माही माय हाय! माही म्हातारी माय आली! नाकाडी कोठी हाय? हे हाय? हे हाय? आलू लू लू लू!"

त्यांच्या तोंडात दात नाहीत, गुड्डीच्याही नाहीत. दोघं एकमेकांच्या तोंडात पाहून खिदळत होते. निर्मला हसत होती, मेघा फोनवर चित्रण करत होती, भावाच्या घरचे सगळे गोळा झाले होते. आणि मी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या माणसाच्या धाकानं मी स्वतःच्या पोरीपुढे पेपर धरला, तो माणूस भरसपरीत 'आलू लू लू' करत होता!

जेवणं झाली. बाया आत गेल्या. गुड्डीला बाबूजींच्या शेजारी बाजेवर निजवलं होतं, पण ती जागीच होती, खिशातलं यंत्र चोखायचा प्रयत्न करत होती. मला राहवेना.

"बाबूजी, हे असं बोलणं तुम्हाला कधीपासून येतं?"

"तुह्या टायमापासून."

"माझ्या? माझ्याशी तुम्ही असं कधी बोलला नाहीत. मी तर ऐकलं नाही."

"तू ऐकलं. तुले याद नाही, एवढंच." बाबूजींनी पान जुळवत माझ्याकडे न पाहता सांगितलं. "माहा बाप इथंच बसे, याच जागी. त्याच्यासमोर कसा बोलू? तुले खांद्यावर टाको अन् तलावाच्या पारीवर नेवो. पानी पाहाले चाललो म्हनो. तिथं मंग लय बोलो तुह्याशी. पारीवरचा आवाज इथवर येत नाही. मी पाहून ठेवलं होतं."

मी म्हणालो, "मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू तं पेपर वाचत होता." त्यांनी पान तोंडात टाकलं. मग हळूच उठले, खुर्ची उचलायला लागले. मी धरायला गेलो तर म्हणाले, "राहू दे." त्यांनी ती खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले. "जाय," ते भिंतीला म्हणाले. "पानी पाहून ये."

मी गुड्डीला खांद्यावर घेतलं आणि पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गेलो. धान केव्हाच निघालं होतं, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक हिरवंगार उभं होतं. तलावाचं पाणी खाली गेलं होतं. एक म्हैस त्यात गळ्यापर्यंत बसली होती, दुसरं कोणी नव्हतं. मी चारी बाजूंना दोनदा पाहून घेतलं.

"गुड्डी," मी सुरुवात केली, "हा तलाव मालगुजारांच्या काळातला आहे. याची सिंचन क्षमता…" गुड्डी म्हशीकडे पाहत होती. क्षमता सांगून झाली. दुरुस्तीचा शेवटचा खर्च सांगणार होतो, पण तो आठवेना. मग घसा खाकरला. पुन्हा चारी बाजूंना पाहिलं.

तिथे मी काय बोललो, ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की आवाज माझा नव्हता, भाषा माझी नव्हती, कुठलंही वाक्य पूर्ण नव्हतं आणि त्यात कोंबडीला बोलावल्यासारखं काहीतरी होतं. कुठून येत होतं देव जाणे, पण एकदा सुरू झालं ते थांबेना. गुड्डीनं म्हशीवरून नजर काढली. माझ्या कानाजवळून वर गेली नाही. सरळ माझ्या तोंडावर आली आणि तिथेच राहिली. मग तिनं हात उचलून माझा खालचा ओठ धरला.

ऊन कधी उतरलं, ते मला कळलं नाही. बऱ्याच वेळानं परत आलो. बाबूजी भिंतीकडे तोंड करूनच बसले होते.

"पानी हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

हे प्रकरण इथेच संपलं असतं, तर माझ्यावर हे लिहिण्याची वेळ आली नसती. पण झबल्याच्या खिशात यंत्र होतं. चौतीस वर्षं ज्यानं एका कागदाचा विसर पडू दिला नाही, तो मी, तेवढा एक तास, ते यंत्र साफ विसरलो होतो.

दोन मार्चला मोनाचा फोन आला, "काका, ताईला घेऊन येता का? काहीतरी मोठं सापडलंय." आम्ही गेलो. तिनं आम्हाला बसवलं, स्पीकर चालू केला, आणि त्या पितळी भांड्यांच्या वरच्या खोलीत माझा तो आवाज घुमला. खालचे हातोडे थांबले. कोणीही विनंती केलेली नव्हती.

"बंद करा!" मी म्हणालो.

"काका, तुम्हाला माहीत नाही हे काय आहे! आमच्या सगळ्या नमुन्यात सगळ्यात उंच गेलेला आवाज तुमचा आहे. एकवीस आज्यांपेक्षा उंच. बाहेरच्या देशातल्या आमच्या बाईंनी तीनदा ऐकला. त्यांना तो तिकडच्या बाळांना ऐकवायचा आहे. फक्त तुमची संमती पाहिजे." आणि तिनं फॉर्म पुढे केला.

म्हणजे बघा. माझ्या शुद्ध भाषेतलं पत्र खात्याबाहेर कधी गेलं नाही. आणि परदेशी जाणार होतं काय, तर हे!

मी मेघाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. खाली मान घालून गुड्डीच्या झबल्याचं बटण लावत होती, ते लागलेलंच होतं.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या वेळी येत नव्हतं का हे तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "पारीवर न्यायचं असतं, हे मला माहीत नव्हतं."

तिनं मान हलवली. मी फॉर्म ओढला आणि चारही प्रतींवर सही केली. पण सही करताना माझी नजर एका रकान्यावर गेली. 'बाळाचा प्रतिसाद, सेकंदांत.' त्यापुढे मोनानं लिहिलं होतं, 'नोंद नाही'.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "तिनं पाहिलं."

"असेल काका, पण कॅमेरा नव्हता ना. तुम्ही मोजलं का? किती सेकंद?"

माझ्या हातात घड्याळ होतं. लग्नात मिळालेलं, रोज किल्ली दिलेलं, आयुष्यात मला कधी उशीर होऊ न दिलेलं घड्याळ. पारीवर मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी मोनाशी अर्धा तास वाद घातला. साक्षीदार म्हणून म्हशीचा उल्लेख करायची तयारी दाखवली. ती बधली नाही. 'नोंद नाही' हा शेरा मी आजवर किती लोकांच्या अर्जांवर मारला असेन, याचा हिशेब नाही, आणि ते लोक खिडकीबाहेर उभे राहून काय म्हणत होते, ते मला त्या दिवशी शब्दशः आठवलं.

पाच मार्चला सकाळी एसटी स्टँडवर सगळे जमले. मेघा बसनं नागपूरला आणि तिथून पुढे रेल्वेनं जाणार होती. कुंताबाई भाकरी-चटणी बांधून घेऊन आल्या होत्या. सुखरामभाऊ, आपलीच बस असल्यासारखे, टायर तपासत होते. सिहोऱ्याहून भावानं बाबूजींना मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. मेघाला ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळाली. गुड्डी तिच्या मांडीवर उभी होती आणि आत कुठेतरी वर पाहत होती.

"गुड्डी," मी खिडकीखाली उभा राहून म्हणालो, "नीट जा." तिनं पाहिलं नाही.

ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली. फलाटावर शंभर माणसं असतील. कुंताबाई होत्या, सुखरामभाऊ होते, आणि माझ्यापासून चार हातांवर बाबूजी काठी टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते सावकाश वळले आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. चष्मा त्यांनी सिहोऱ्यालाच ठेवला होता.

गाडी हलली, तसा मी तिच्याबरोबर चालू लागलो, आणि चालता चालता, सबंध एसटी स्टँडच्या देखत, माझ्या तोंडून निघालं, "आलू लू लू लू! कोन हाय गं? कोन चाललं? माही माय चालली! माही गुड्डी चालली! आलू लू लू लू!"

कंडक्टर दारातून वाकून पाहू लागला. मागे कोणीतरी हसलं, बहुधा सुखरामभाऊ. हसू दे. गुड्डी वळली. खिडकीच्या गजांतून तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत पाहत राहिली. किती सेकंद, ते मी या वेळीही मोजलं नाही. पण एक गोष्ट मी नीट तपासून घेतली आहे आणि मोनालाही लेखी कळवली आहे: ड्रायव्हरच्या डोक्यावर छोटा पंखा होता, आणि तो चालू होता.